नेवातिमच्या मैत्रिणीकडे एक दिवस



बीर शेवाहून दिमोनाला जाणारा 25 नंबरचा रस्ता आपल्या मंडळींच्या चांगला ओळखीचा आहे. लग्न असो, बार मित्स्वा असो की कुणाकडचा मलिदा असो, त्या वाटेने आपण किती वेळा गेलो असू! पण वाटेत नेवातिमची पाटी दिसली तरी सहसा कुणी आत वळत नाही. नेवातिम म्हटलं की लोकांना विमानतळच आठवतो. 2024 साली इराणची क्षेपणास्त्रं त्या तळावर आली तेव्हा हे नाव घरोघर पोचलं. त्या तळाच्या अलीकडे याच नावाचा एक मोशाव आहे आणि तिथे आपली कोचीनी भावंडं राहतात, हे मात्र आपल्या मुलांना ठाऊक नसतं.

तिथे माझी एक जुनी मैत्रीण राहते. बीर शेवाच्या इस्पितळात आम्ही दोघी नर्स होतो. माझी भाषा मराठी, तिची मलयाळम, त्यामुळे सगळी मैत्री हिब्रूतच झाली. पुढे मी लोदला राहायला आले, ती तिच्या मोशावात राहिली. तू बिश्वात झाल्यावर तिचा फोन आला, "अगं, फुलं आलीत, आता तरी ये." नऊ वर्षांच्या नातवाला बरोबर घेतलं आणि सकाळच्या गाडीने निघाले.

किर्यात गात मागे पडलं की खिडकीतून बघत राहावं. पावसाळा नुकताच संपत आलेला, गव्हाची शेतं हिरवीगार आणि मधूनमधून लाल कलानियोत. मे महिन्यात हीच जमीन पिवळी पडते. नातवाने विचारलं, "सावता, इथे पाऊस किती पडतो?" बीर शेवाला वर्षभरात साधारण 200 मिलीमीटर पडतो. मी त्याला म्हटलं, "अरे, आपल्या कोकणात एवढा पाऊस जुलैतल्या एका दिवसातसुद्धा पडतो!" त्याला काही ते खरं वाटेना.

स्टेशनवर मैत्रिणीचा मुलगा मोटार घेऊन आला होता. शहर संपलं की बेदुइनांची पत्र्याची घरं, शेळ्या-मेंढ्या, मग झाडांची रांग, आणि आलं नेवातिम.

मुलांनो, या गावाची थोडी गोष्ट सांगते. 1946 साली योम किप्पूर सुटल्यावर एका रात्रीत नेगेवमध्ये 11 वसाहती उभ्या केल्या, त्यातली ही एक. पहिले रहिवासी इथे फार काळ टिकले नाहीत. मग 1953-54 च्या सुमारास केरळातून आलेल्या कोचीनी कुटुंबांना इथे आणलं. माझी मैत्रीण तेव्हा सात वर्षांची होती. ती म्हणते, "आमच्या गावात दारापुढे पाणी आणि होडी. इथे उतरलो तर नुसती माती! अम्मा दोन दिवस बोललीच नाही." तिचे वडील व्यापारी माणूस, त्यांनी हातात कुदळ कधी धरलेली नव्हती. पण शिकले. आधी भाजीपाला आणि कोंबड्या, नंतर काचघरात फुलं. आता तिच्या मुलांना शहरात नोकऱ्या आहेत आणि जमीन दुसरा कसतो. अंगणातलं कढीपत्त्याचं झाड मात्र तिने कुणाच्या हाती दिलेलं नाही. रोज स्वतः पाणी घालते.

जेवायला भात आणि नारळाच्या रसातली मासळी. एक घास घेतला आणि मला माझ्या आईची कढी आठवली. नारळाचा रस हे दूध नव्हे, म्हणून मटणातही चालतो आणि काश्रूतला बाध येत नाही. कोकणात आपण आणि केरळात ते, दोघेही याच रसावर वाढलो. रोश हाशानाचा आपला चिकाचा हलवा तरी त्याच्याशिवाय होतो का?

मासळीवरून आठवलं. आपल्या परंपरेनुसार दावीद राहाबी कोकणात आले तेव्हा त्यांनी आपल्या बायकांपुढे सगळ्या तऱ्हेचे मासे ठेवले. बायकांनी पर आणि खवले असलेले तेवढेच निवडून घेतले, आणि राहाबींची खात्री पटली की हे आपलेच लोक! पुढे 19 व्या शतकात कोचीहून आलेल्या शेलोमो सालेम शुर्राबींनी मुंबईत आपल्या लोकांना प्रार्थना शिकवल्या. म्हणजे कोचीनी लोक आपले नुसते शेजारी नाहीत, ते आपले गुरुजीही आहेत.

दुपारी सिनेगॉग पाहिलं. केरळच्या धर्तीवर बांधलंय. कोचीनी पद्धतीत तेबा दोन असतात, एक खाली मधोमध आणि दुसरी वर सज्जात. वरच्या तेबेच्या मागे बायकांची जागा. जवळच त्यांच्या वारशाचं संग्रहालय आहे.

परत आल्यावर चहा झाला आणि मैत्रिणीने कपाटातून एक वही काढली. तिच्या अम्माची. कोचीनी बायका लग्नात, सणात मलयाळम गाणी म्हणतात, पुरुषांसमोर मोठ्याने म्हणतात, आणि ती अशा वह्यांमधून जपलेली आहेत. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठाने 2004 साली त्यांची सीडी काढली. पण तिच्या घरात ती लिपी वाचणारी आता ती एकटीच. तिची नात शेजारी बसून हिब्रू अक्षरांत एकेक ओळ लिहून घेत होती. मध्येच अडली. हिब्रूत ळ कुठला? मलयाळम हे नावसुद्धा नीट लिहिता येईना! मग पोरीने फोन पुढे केला, "सावता, तू म्हण. लिहिलेलं चुकलं तरी आवाज चुकणार नाही." आणि म्हातारीने आवाज लावला. माझा नातू खेळायचं सोडून ऐकत उभा राहिला.

मंडळी, आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? 1880 च्या सुमारास मुंबईत बेने इस्राएली कीर्तनं सुरू झाली. योसेफाचं आख्यान, मोशेचं आख्यान, किती घरांत त्यांच्या वह्या असतील. नातवंडांना देवनागरी येत नाही आणि नारळातला ळ हिब्रूत मावत नाही. तेव्हा मुलांनो, येत्या शब्बाथनंतर आजी-आजोबांपुढे फोन ठेवा आणि म्हणा, "एक पद म्हणा ना." आणि आजी-आजोबांनो, आवाज बसलाय अशी सबब सांगू नका. माझ्या मैत्रिणीचाही बसलेलाच होता.

नेवातिमला जायचं असेल तर बीर शेवापर्यंत रेल्वे सोयीची. संग्रहालयाला आधी फोन करून जावं. हिवाळ्याच्या शेवटी गेलात तर वाटेवरची फुलंही मिळतील.

निघताना मैत्रिणीने कढीपत्त्याचं एक रोप दिलं. ते आता लोदला माझ्या गच्चीत आहे आणि त्याला पाणी घालायचं काम नातवाकडे.