पिंपरीची पिचकारी

पुण्याहून जुन्या मुंबई रस्त्यानें पिंपरी-चिंचवडकडे जाणाऱ्या प्रवाशास कारखान्यांच्या भिंती, मालमोटारींच्या रांगा आणि धूळ यांखेरीज येथें पाहण्याजोगें कांहीं असेल असें वाटत नाहीं. परंतु थंडी सरल्यावर त्यानें कामगारांच्या वसाहतींत, किंवा १९७२ सालीं स्थापन झालेल्या नवनगर विकास प्राधिकरणानें वसविलेल्या निगडीकडील भागांत शिरावें. उंच झाडांच्या शेंड्यांवर निखारे ठेवावे तसे नारिंगी-तांबड्या फुलांचे झुबके दृष्टीस पडतात. मुलें या झाडास पिचकारी म्हणतात, आणि तें नांव शास्त्रज्ञांच्या नांवाहून अधिक सार्थ आहे. कळी बोटांत दाबली कीं तिच्या टोंकांतून पाण्याची बारीक चिळकांडी उडते.

शास्त्रीय नांव स्पॅथोडिया कॅम्पॅन्युलाटा. पालिसो द बोव्हा या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञानें तें १८०५ मध्यें दिलें. या प्रजातींत ही एकच जाति आहे, आणि तिचें माहेर उष्ण आफ्रिकेंतील अरण्यें. पानें समोरासमोर येणारीं, पिसासारखीं संयुक्त. झुबक्याच्या मध्यभागीं वांकड्या कळ्यांची दाटी असते आणि कडेकडेच्या कळ्या आधीं उमलतात. कळीभोंवतालचा पुष्पकोश एका बाजूनें चिरतो व त्यांतून पेल्याएवढें फूल बाहेर येतें. त्याच्या पांच पाकळ्या खालीं जुळलेल्या, कडा पिंवळसर. आंत केसर चारच. फळ होडीच्या आकाराचें, सुमारें वीतभर लांब. तें उकललें म्हणजे पारदर्शक पंखांचीं शेंकडों बीजें वाऱ्यावर निघतात.

आतां या पाहुण्याचें गोत्र पाहावें. तें ज्या कुलांतील आहे, त्याच कुलांत आपला टेटू आहे, पाडळ आहे, मेडशिंगी आहे. टेटू म्हणजे वैद्यांचा श्योनाक व पाडळ म्हणजे पाटला. दोघेही दशमुळांतले मानकरी. शाकुंतलाच्या प्रस्तावनेंत ग्रीष्माचा वारा सुगंधित करते ती हीच पाटला. परंतु पिचकारी ओळखणाऱ्या दहा जणांत पाडळ दाखवूं शकेल असा एक तरी सांपडेल कीं नाहीं, याची मला शंका आहे!

पिचकारी शोभिवंत खरी, परंतु ती रहदारीच्या रस्त्यावर लावणें मला मान्य नाहीं. तिचें लाकूड हलकें व ठिसूळ असतें. वळवाच्या वादळांत फांदी मोडली तर खालीं उभ्या असलेल्या मनुष्याची गय होत नाहीं. दुसरा दोष तिच्या प्रसाराचा. फिजी व हवाई बेटांत ती रानोमाळ इतकी माजली कीं, आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या २००० सालच्या शंभर उपद्रवी परक्या जीवांच्या यादींत तिचें नांव आलें. डंख नसलेल्या लहान मधमाशांस तिचीं फुलें घातक ठरतात, असेंही ब्राझीलमधील अभ्यासकांस आढळलें आहे. जीं झाडें उभीं आहेत त्यांवर कुऱ्हाड चालवावी असें मी म्हणत नाहीं. त्यांच्या वाळक्या फांद्या पावसाळ्यापूर्वीं उतरवाव्या म्हणजे झालें.

चाकणकडे मात्र कारखान्यांचीं नवीं आवारें होत आहेत आणि तेथें झाडें लावावयाचींच आहेत. पुण्याच्या भोंवतालच्या कोरड्या टेकड्यांवर मेडशिंगी कोणी न लावतां वाढते. झाड बेताचें, शेंग मेंढ्याच्या शिंगासारखी वांकडी, म्हणून तें नांव. पांढरीं फुलें रात्रीं उमलतात. रात्रपाळी संपवून पहांटे फाटकाबाहेर पडणाऱ्या कामगारास त्यांचा वास आयताच मिळेल.