पैसे कुठल्या नावाने दिले?

जानेवारी उजाडला की माझ्याकडे फाइली यायला लागतात. न्यू जर्सीत मी छोट्या कंपन्यांचे ४०१ (के) प्लॅन सांभाळते. पगारातून निवृत्तीसाठी कापलेले पैसे आणि त्यात मालकाने घातलेली भर, हा वर्षभराचा हिशेब तपासणं माझं काम. एका मराठी डेंटिस्टच्या दवाखान्याची फाइल मला अजून आठवते. मालकाच्या पैशांसाठी तिच्यात एकच रकाना होता आणि त्यावर नुसतं 'एम्प्लॉयर' लिहिलेलं होतं.

त्या रकान्यात रिसेप्शनवरच्या बाईंच्या नावापुढे १,१४० डॉलर होते. पगार ३८,०००. आणि त्यांच्या स्वतःच्या कपातीच्या जागी शून्य. मी तिथेच थांबले. कर्मचारी स्वतःचे पैसे घालतो म्हणून मालक जे घालतो, ती मॅच. ज्यांनी काहीच घातलं नाही त्यांना मॅच कुठून मिळणार? १,१४० म्हणजे बरोबर ३ टक्के. ते प्रॉफिट शेअरिंग होतं, सगळ्यांना सरसकट दिलेलं. मग हायजिनिस्टच्या ६०,००० पगारावरचे ४,२०० डॉलरही उलगडले: १,८०० प्रॉफिट शेअरिंग, २,४०० मॅच.

ही फोड का करायची? भारतात पीएफमधला मालकाचा दर कायद्यानेच ठरतो. इथे किती द्यायचं हे मालक ठरवतो, आणि करसवलतीच्या बदल्यात सरकार एवढंच बघतं की मलई वरच्यांच्याच ताटात पडत नाही ना. म्हणून प्रत्येक प्रकारच्या पैशाला वेगळा तराजू आहे. कपातीला एडीपी टेस्ट, मॅचला एसीपी, सरसकट दिलेल्या पैशांना कलम ४०१ (ए)(४). सरसकटचे ३ टक्के मॅचमध्ये मिसळले, तर एसीपीत खालच्यांची बाजू आहे त्याहून भक्कम दिसते.

वरचे म्हणजे कोण, तर ज्यांची मालकी ५ टक्क्यांहून जास्त आहे ते, किंवा आदल्या वर्षी ठरावीक रकमेपेक्षा जास्त कमावणारे. २०२५च्या टेस्टसाठी ती रक्कम १,५५,००० डॉलर होती. मालकाची बायको तुटपुंज्या पगारावर काउंटर सांभाळत असली तरी वरच्यांतच धरली जाते, कारण नवऱ्याची मालकी तिचीही मानतात.

डॉक्टरांची एडीपी नापास झाली. कर्मचाऱ्यांच्या कपातीची सरासरी २.१ टक्के, नवराबायकोची ६. इतक्या कमी सरासरीवर दुप्पट किंवा दोन टक्के जास्त, यातलं जे कमी असेल तेवढंच चालतं, म्हणजे ४.१. मी फोन केला.

"अहो ताई, तीन टक्के दिलेच आहेत की सगळ्यांना. तेच धरा ना त्यात."

ते धरता येत नव्हते. एडीपीत मालकाचे पैसे मोजायचे तर ते क्यूनेक असावे लागतात, म्हणजे दिल्या क्षणापासून पूर्णपणे कर्मचाऱ्याचे. त्यांच्या प्रॉफिट शेअरिंगला सहा वर्षांचं व्हेस्टिंग होतं. दोन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर हातात काहीच नाही. ज्या अटींवर पैसे दिले त्या अटी पैशांना चिकटलेल्या असतात. टेस्ट नापास झाली म्हणून मागाहून नाव बदलता येत नाही.

उरले दोन मार्ग. १५ मार्चपर्यंत नवराबायकोची जादा कपात परत करायची. बहुतेक मालक हेच करतात; त्यांना ते स्वस्त पडतं. मोठ्या कंपन्यांतल्या आपल्या कितीतरी इंजिनिअरांना मार्चमध्ये असाच चेक येतो आणि तो का आला हे कळत नाही. कायद्याचं समाधान होतं, रिसेप्शनवरच्या बाईंच्या खात्यात मात्र एक डॉलरही वाढत नाही. हा मार्ग कायदेशीर आहे, पण मला तो कधीच पटलेला नाही. दुसरा मार्ग म्हणजे कर्मचाऱ्यांना १.९ टक्के क्यूनेक देऊन त्यांची सरासरी ४ वर न्यायची. मग वरच्यांना ६ चालतात.

दोन्ही आकडे मी डॉक्टरांपुढे ठेवले आणि माझं मतही सांगितलं. त्यांनी चार दिवस घेतले.

दुरुस्त केलेल्या फाइलमध्ये आता चार रकाने होते. बाईंच्या ओळीत कपात शून्य, मॅच शून्य, प्रॉफिट शेअरिंग १,१४०, क्यूनेक ७२२. आणि त्या ७२२ पुढे व्हेस्टिंग १०० टक्के.