अर्जाआधीची ओळख

"आधी देणगीदाराशी नाते जोडा, मग अर्ज करा," असे निधी उभारणीच्या प्रत्येक कार्यशाळेत सांगतात. सांगणारे चूक नसतात. पण ही ओळख आधीपासून कोणाकडे असते, हे कोणी विचारत नाही. कंपनीच्या समितीवर बसणारी माणसे ज्या शाळांत शिकली, ज्या सोसायट्यांत राहतात, ज्यांच्या लग्नाकार्याला जातात, तिथे आमच्या वस्तीतले कोणी नसते. असलेच तर धुणीभांडी करायला.

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची असते. संस्थेकडे १२ए, ८०जी आणि २०२१ पासून सीएसआर-१ ची नोंदणी हवी. हे सगळे आम्ही केले. आमची अभ्यासिका विहारामागच्या खोलीत चालते. तिच्यासाठी एका वर्षात अकरा प्रस्ताव ईमेलने पाठवले. एकाचेही उत्तर आले नाही, नकाराचेसुद्धा.

मग एका परिचितामार्फत एका कंपनीच्या अधिकाऱ्यांशी भेट झाली. माणूस सज्जन होता. अभ्यासिकेत आले, मुलांशी बोलले, चहा घेतला. निघताना म्हणाले, "प्रस्तावातला 'जात' शब्द काढा, 'आर्थिकदृष्ट्या दुर्बल' लिहा. आणि छायाचित्रांत भिंतीवरची तसबीर येऊ देऊ नका."

आम्ही ऐकले. रात्री साडेअकराला बाबासाहेबांची तसबीर चौकटीबाहेर ठेवून फोटो कापत बसलो होतो, हे आज लिहिताना हात जड होतो. पैसे आले. वर्षभर ग्रंथपालाचे मानधन निघाले, पुस्तके आली. पुढच्या वर्षी त्या साहेबांची बदली झाली आणि नव्या साहेबांनी आमचा फोनही घेतला नाही. नाते एका माणसाशी होते, कंपनीशी नव्हते. आणि तेही आमच्याशी नव्हतेच, कापलेल्या फोटोतल्या संस्थेशी होते.

यावर काही मित्र म्हणतात, बाबासाहेबांनीही सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेतलीच ना! घेतली. केळुसकर गुरुजींनी भेट घडवली, म्हणजे ओळख तेव्हाही लागलीच. परदेशी शिक्षणासाठी बडोद्याची दहा वर्षे सेवा करण्याचा करारही करावा लागला. पण ती मदत हा विद्यार्थी अस्पृश्य समाजातला आहे हे जाणून दिलेली होती. कोणी त्यांना समाज लपवायला सांगितले नाही. आम्ही मात्र न सांगता पुढचेही लपवले असते.

त्यानंतर आम्ही काही न मागता पत्रे पाठवू लागलो. दर सहा महिन्यांनी, सात ठिकाणी. किती मुले आली, किती सोडून गेली, वीजबिल किती आले, वस्तीतून दरमहा किती वर्गणी जमली आणि कोणाची थकली (नावे अर्थातच नाहीत). सोबत लेखापरीक्षित हिशेब. 'जात' शब्द जिथे लागतो तिथे तो लिहिलेला. भेटीला बोलावतो ते १४ एप्रिलला नाही, साध्या मंगळवारी संध्याकाळी, लाईट गेलेली असली तरी.

एका ठिकाणाहून कळवले, पत्रे पाठवू नका. एका बाई मात्र आल्या आणि विचारले, "आठनंतर मुली का दिसत नाहीत?" आमच्याकडे उत्तर नव्हते. आता मुलींसाठी दुपारची वेळ आहे आणि रात्री वस्तीतल्या दोन आया सोबत येतात. त्या बाईंनी अजून एक रुपयाही दिलेला नाही. तरी नाते म्हणायचे तर आम्ही यालाच म्हणू.

चार पत्रांनंतर यंदा प्रथमच त्यांच्या कंपनीकडे अर्ज केला. प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर अभ्यासिकेचा फोटो आहे, पूर्ण भिंतीसकट. मागच्या आठवड्यात त्यांनी तीन वर्षांचे ताळेबंद मागवले. ते पाठवले आहेत.

जयभीम.