अंगणांत आलेली शाळा

शिक्षक निवृत्त झाला तरी त्याचे पाय फिरून फिरून शाळेच्याच दारांत थांबतात, असें आमच्या घरीं थट्टेनें म्हणतात. गेल्या पौषांत आम्ही उभयतां हवापालटासाठीं बोरडीस गेलों, तेव्हां ती थट्टा पुन्हां एकवार खरी ठरली.

पश्चिम रेल्वेनें उत्तरेकडे जातांना डहाणूनंतरचें स्थानक घोलवड. तेथून बोरडीचा रस्ता मोठा रम्य आहे. वाटेंत चिकूच्या वाड्या. या भागांतील चिकूस २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. पुढें सुरूंची रांग, आणि तिच्यापलीकडे ओहोटीच्या वेळीं दूरवर मागें सरणारा सागर. हें सर्व प्रवाशास सहज दिसतें. परंतु समुद्राकडे पाठ करून पूर्वेच्या डोंगराकडे वळलें म्हणजे वारली बांधवांचे पाडे लागतात; आणि ज्याविषयीं सांगावयाचें तें तिकडेच आहे.

१९४५ हें साल या भागाच्या इतिहासांत दोन कारणांनीं संस्मरणीय झालें. त्या वर्षीं गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखालीं वारल्यांनीं वेठबिगारीविरुद्ध लढा पुकारला. आणि त्याच वर्षीं ताराबाई मोडक यांनीं बोरडीस ग्राम बालशिक्षा केंद्र काढलें. पहिल्या घटनेचा मोठा गलबला झाला. दुसरी लहान मुलांच्या पावलांनीं आली, म्हणून ती पुष्कळांस ऐकूं गेली नाहीं.

ताराबाईंनीं भावनगरास गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचें काम केलें होतें. शहरांतील बालमंदिरें चांगलीं चाललीं होतीं. पण तेथें पोंचणारीं मुलें सुस्थित घरांतलीं. गरिबाच्या मुलाचें काय, हा प्रश्न घेऊन त्या खेड्यांत आल्या. त्यांना सहकारी मिळाल्या त्या अनुताई वाघ. बालवयांतच वैधव्य आलेल्या या बाईंनीं पुढें सारें आयुष्य याच कामास वाहिलें. माँटेसोरी पद्धतीचीं महाग साधनें खेड्यास परवडणारीं नव्हतीं; तेव्हां शिंपले, गोटे, बिया आणि पानें यांवरून मुलें मोजावयास व रंग ओळखावयास शिकूं लागलीं. मुलांना न्हाऊं घालणें, नखें कापणें, केंस विंचरणें हाही अभ्यासक्रमाचाच भाग होता.

तरीही दूरच्या वस्त्यांतील मुलें बालवाडीपर्यंत येईनात. तेव्हां बालवाडीच त्यांच्या अंगणांत गेली, आणि 'अंगणवाडी' जन्मास आली. आम्हां संस्कृत शिकलेल्यांस शब्दाचें मूळ शोधण्याची खोड. 'अंगन' हा शब्द 'जाणें' या अर्थाच्या धातूपासून आला. अंगन म्हणजे फिरावयाची जागा. येथें मूल शाळेकडे चालत गेलें नाहीं, शाळाच मुलाकडे चालत आली. तेव्हां नांव किती यथार्थ पडलें!

पुढें हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें. तेथें आणखी एक अडचण दिसली. मोठीं मुलें गुरांमागें रानांत जात. म्हणून कुरणांत 'कुरणशाळा' भरली. मुली धाकट्या भावंडांस सांभाळीत घरीं राहत. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणीं आणून 'विकासवाडी' उभी केली.

हें टेकडीवर उभा राहून आठवीत असतां माझें मन खालीं गेलें. सुमारें पस्तीस वर्षांपूर्वीं एका खेड्याच्या शाळेंत मी दुसरीचा वर्ग घेत असें. एक मुलगी कडेवर धाकटा भाऊ घेऊन येई. तो रडे आणि पाढ्यांत व्यत्यय येई. एके दिवशीं मीं तिला म्हटलें, "शाळा म्हणजे पाळणाघर नव्हे. त्याला घरीं ठेवून ये." ती गेली, ती पुन्हां आली नाहीं. हजेरीपटावर मीं कांहीं दिवस गैरहजेरी मांडली आणि मग नांव काढून टाकलें. मी नियमानें वागलों, असेंच मला इतकीं वर्षें वाटत होतें. माझ्या जन्मापूर्वींच या माळावर त्या मुलीच्या प्रश्नाचें उत्तर शोधून ठेवलेलें होतें. शोधलें नाहीं तें मीं.

परततांना एका पाड्यावर अंगणवाडी भरलेली दिसली. गेरूच्या भिंतीवर पांढऱ्या रेषांनीं फेर धरलेला; आंत पंधरा-वीस चिमुरडीं चिंचोके मोजीत होतीं. सेविकाबाई म्हणाल्या, "या गुरुजी, बसा." मीं शिक्षक आहें असें सांगितलेंच नव्हतें, "तुम्ही मुलांकडे पाहतां त्यावरून कळलें," म्हणाल्या. इतक्यांत सात-आठ वर्षांची एक मुलगी आली, कडेवरचा भाऊ उतरवून बाईंच्या हवालीं केला, आणि दप्तर सांवरीत शाळेकडे धांवत गेली. सौभाग्यवतीनें माझ्याकडे पाहिलें. तिला ती जुनी हकीकत ठाऊक आहे. दोघेंही कांहीं बोललों नाहीं.

ताराबाई १९७३ सालीं निवर्तल्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं सरकारनें एकात्मिक बालविकास योजना देशांतील ३३ गटांत सुरू केली, आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशभर पोंचला. तेथें फी नाहीं. सहा वर्षांखालील बालकांस पूरक आहार, लसीकरण व आरोग्यतपासणी, आणि तीन वर्षांवरील मुलांस खेळांतून शिक्षण मिळतें.

आपल्या घरांतील मूल पाटीपूजनापूर्वींच पुष्कळ शिकलेलें असतें. आजीच्या मांडीवर शुभंकरोति होते, आजोबांच्या बोटाला धरून आंकडे होतात. ही आपली विनाशुल्क बालवाडीच होय. मग तें पहिलींत चमकतें आणि आपण म्हणतों, बुद्धि जात्याच चांगली! पाड्यावरही गाणीं आणि गोष्टी आहेत. परंतु मजुरीस गेलेल्या आईला त्या सांगावयास दिवस उरत नाहीं. मीं ज्यांस मंद म्हटलें त्यांतील कितीकांस केवळ ही मांडी मिळाली नव्हती.

घरीं परतल्यावर आमच्या आळीमागच्या अंगणवाडींत गेलों. बाईंच्या अनुमतीनें आतां दर मंगळवारीं व शुक्रवारीं तासभर गोष्ट सांगतों. वाचकांच्या घरींही आजी-आजोबा आहेत, आणि अंगणवाडी बहुधा दूर नसेल. गेल्या शुक्रवारीं गोष्ट ऐकतांना एक बाळ माझ्या मांडीवरच झोंपलें. मीं गोष्ट हळू आवाजांत पुरी केली.