वहींतली फुलांची दरी

माझ्या टेबलाच्या खणांत जाड पुठ्ठ्याची एक वही आहे. तिच्या पहिल्या पानावर तांबड्या शाईनें 'फुलांची दरी' असें लिहिलेलें आहे. उत्तराखंडांतील ज्या राष्ट्रीय उद्यानाला सारें जग 'व्हॅली ऑफ फ्लॉवर्स' या नांवानें ओळखतें, त्याच्या सहलीचा संपूर्ण आराखडा या वहींत आहे. घराला कुलूप लावल्यापासून तें परत उघडीपर्यंतचा एकही प्रहर मीं तींत मोकळा सोडलेला नाहीं. आमच्या ओळखीच्या चार कुटुंबांनीं आजवर ही वही नेली, तिच्याबरहुकूम प्रवास केला, आणि परत आल्यावर वहीबरोबर पेढ्यांचा पुडाही आणून दिला. त्यामुळें या विषयावरील माझा अधिकार आतां आमच्या मंडळींत सर्वमान्य झाला आहे. त्या अधिकाराला एकच किरकोळ बाध येतो. मी स्वतः त्या दरींत अद्याप पाऊल टाकलेलें नाहीं.

वहीचा जन्म २००५ सालचा. त्या वर्षीं युनेस्कोनें या दरीची जागतिक वारशाच्या यादींत नोंद केली. शेजारचें नंदादेवी उद्यान त्या यादींत १९८८ पासूनच होतें. त्याला ही धाकटी बहीण येऊन मिळाली. क्षेत्र अवघें साडेसत्याऐंशीं चौरस किलोमीटर, आणि त्यांत फुलझाडांच्या व वनस्पतींच्या सुमारें ५०० जाती! मीं ती बातमी वाचली आणि त्याच आठवड्यांत वही विकत आणली.

प्रवासाचा बेत करण्यांत जें सुख आहे तें प्रवासांत खचित नाहीं. बेतांतली आगगाडी कधीं उशिरां येत नाहीं. बेतांत कोणाचें पोट बिघडत नाहीं, आणि पाऊस पडलाच तर रात्रीं, सर्व मंडळी झोपल्यावर पडतो. हिंवाळ्यांतल्या कितीतरी रात्रीं मी दिव्याखालीं नकाशा पसरून ऋषिकेशहून निघालों आहें, आणि देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग असे एकेक संगम ओलांडीत, अलकनंदेच्या कांठाकांठानें अडीचशें किलोमीटर चढून, झोपण्यापूर्वीं जोशीमठाला पोंचलों आहें. तेथें मुक्काम. दुसऱ्या दिवशीं गोविंदघाट. उंची सुमारें १,८०० मीटर. पुढें पुलना या गांवापर्यंत जीप, आणि मग नऊ-दहा किलोमीटरांची चढण चढून घांघरिया. तेथें उंची ३,००० मीटरांच्या वर जाते. घांघरियाहून दोन वाटा फुटतात. एक वाट शीख भाविकांच्या हेमकुंड साहिबला ४,३०० मीटरांवर जाते; दुसरी आमच्या दरींत. दरींत रात्रीं राहण्यास परवानगी नाहीं, तट्टू नेण्यास परवानगी नाहीं. सकाळीं चालत जावें आणि उजेड आहे तोंच चालत परत यावें, असा तेथला कायदा. म्हणून मीं घांघरियाला तीन रात्री धरल्या आहेत. एक दिवस पावसानें बुडविला तरी दुसरा हातीं असावा, ही त्यांतली दूरदृष्टि. ही सूचना वाचून चारही कुटुंबांनीं माझें कौतुक केलें आहे.

मग मी कां गेलों नाहीं? याचें उत्तर देण्याची माझी तयारी इतकी चांगली आहे कीं, प्रश्न विचारणाराच शेवटीं मला धीर देऊं लागतो. उद्यान १ जूनला उघडतें व ३१ ऑक्टोबरला मिटतें. परंतु जूनच्या आरंभीं तेथें ठिकठिकाणीं बर्फ असतें, आणि ऑक्टोबरांत गवत पिवळें पडून बी झडून गेलेलें असतें. वर्षाचे सहा-सात महिने बर्फाखालीं दडपून राहिलेल्या या रोपांना उगवणें, फुलणें आणि बी धरणें हा सारा संसार तीन-चार महिन्यांत उरकावा लागतो. फुलांचा खरा भर जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. म्हणजे ऐन पावसाळ्यांत, जेव्हां दरडी कोसळून रस्ते बंद पडतात तेव्हांच. आणि प्राध्यापकाला सुटी मिळते मे महिन्यांत आणि दिवाळींत! शैक्षणिक वर्षाच्या तारखा ठरविणाऱ्यांनीं आणि हिमालयांतील फुलांनीं परस्परांशीं कधीं विचारविनिमय केलेला दिसत नाहीं.

२०१३ सालीं मात्र मीं धीर केला. ऑगस्टांतली रजा मागितली, ती मिळाली, तिकिटेंही काढलीं. जूनच्या १६ आणि १७ तारखांना उत्तराखंडांत जलप्रलय झाला. केदारनाथची वाताहत सर्वांना ठाऊक आहे. पण इकडे गोविंदघाटाची आणि घांघरियाच्या वाटेचीही धूळधाण झाली. जेथें हजारों माणसें मृत्यु पावलीं, तेथें आपल्या हुकलेल्या सहलीबद्दल हळहळणें लाजिरवाणें होतें. मीं मुकाट्यानें तिकिटें परत केलीं. पण त्या दिवशींची एक गोष्ट मीं आजवर कोणाजवळ बोललेलों नाहीं. तिकिटें परत केल्यावर मला हलकें वाटलें. प्रलयाच्या बातम्यांनीं जीव विषण्ण झाला होता हें खरें; पण त्याच्या तळाशीं सुटकेचा एक सुस्कारा होता, आणि तो मीं ओळखला होता. वही वांचली होती. तिच्यांतल्या एकाही ओळीला खऱ्या पावसाचा थेंब लागणार नव्हता.

त्यानंतर एकदां माझे एक सहकारी सहकुटुंब तिकडे जाऊन आले. मीं विचारलें, "पहिल्या दिवशीं सात वाजतां निघालांत ना? पुलावरून गौरी पर्वत दिसला?" ते म्हणाले, "छे हो! दोन्ही दिवस धुकें. दहा हातांपलीकडचें कांहीं दिसलें नाहीं." मला वाईट वाटलें, परंतु त्यांना मुळींच वाईट वाटत नव्हतें. धुक्यामुळें आपण खालींच पाहात चाललों आणि दगडाच्या फटींतलें एक निळें फूल पाहण्यांत अर्धा तास कसा गेला तें कळलें नाहीं, असें ते रंगून सांगत राहिले. त्या फुलाचें नांव त्यांना सांगतां येईना. मला सांगतां आलें असतें. माझ्या वहीच्या शेवटीं फुलांची नांवनिशी आहे. पण मीं तें सांगितलें नाहीं. त्या वेळीं प्रथमच मला माझी वही थोडी केविलवाणी वाटली.

आणि गंमत अशी कीं, ज्या दरीसाठीं मीं एवढा आराखडा केला, ती दरी जगाला कळली ती आराखडा बाजूला राहिल्यामुळें. १९३१ सालच्या जूनमध्यें फ्रँक स्माइथ आणि त्याचे सोबती कामेट या ७,७५६ मीटर उंचीच्या शिखरावर चढले. तोंवर मनुष्यानें गांठलेलें तें सर्वांत उंच शिखर. तेथून उतरल्यावर भ्यूंडार खिंड ओलांडतांना थंडगार पावसानें आणि धुक्यानें त्यांना गांठलें. ते निवाऱ्यासाठीं खालीं उतरले, आणि फुलांत येऊन पोंचले. फुलें शोधण्यासाठीं ते निघालेले नव्हते. पुढें १९३७ सालीं स्माइथ मुद्दाम परत आला, पुढच्याच वर्षीं त्यानें त्या दरीवर पुस्तक लिहिलें, आणि त्याच्या पुस्तकाचें नांव दरीला कायमचें चिकटलें. भ्यूंडारच्या मेंढपाळांना ती दरी त्याच्या किती तरी आधींपासून ठाऊक होती. पण मेंढपाळ पुस्तकें लिहीत नाहींत.

तें पुस्तक प्रसिद्ध झाल्यानंतरच्या वर्षीं, १९३९ सालीं, जोन मार्गारेट लेग नांवाची एक इंग्रज बाई वनस्पतींचे नमुने गोळा करण्यासाठीं या दरींत आली. एके दिवशीं खडकाळ उतारावरून तिचा पाय घसरला आणि ती तेथेंच मृत्यु पावली. तिची समाधि आजही दरींत आहे. पुढें तिच्या बहिणीनें येऊन तिच्यावर दगड बसविला. ही हकीकत माझ्या वहींत 'पाहण्यासारखीं ठिकाणें' या सदराखालीं पांचव्या क्रमांकावर आहे. लेगबाईंचा जन्म १८८५ चा. म्हणजे मृत्युसमयीं त्यांचें वय ५४ होतें. ही वजाबाकी इतकीं वर्षें मला करावीशी वाटली नव्हती. यंदा मला चौपन्नावें लागलें, आणि ती आपोआप झाली.

वहींत आणखी एक टिपण आहे. १९८२ सालीं ही दरी राष्ट्रीय उद्यान झाली आणि तेथें मेंढ्या चारण्यास बंदी झाली. हेतु अगदीं शुद्ध होता. पण पुढें पॉलिगोनम नांवाची, पुरुषभर उंची गांठणारी एक वनस्पति तेथें फैलावूं लागली, आणि तिच्या सावलींत लहान फुलझाडें दबूं लागलीं. मेंढ्यांच्या चरण्यानें आणि खुरांनीं ती आटोक्यांत राहात असे, असें कांहीं जाणकार म्हणतात. कांहींना हें मान्य नाहीं. वनखात्याला माणसें लावून ती उपटून काढावी लागते, एवढें मात्र खरें. फुलांच्या रक्षणाचा आराखडा करतांना मेंढीच्या खुराचा हिशेब कोणी धरला नसेल, तर त्यांना हंसण्याचा मला काय अधिकार? माझ्याही हिशेबांत एक गोष्ट धरावयाची राहून गेली होती.

ती मेच्या अखेरीस एका संध्याकाळीं उघडकीस आली. मी वही चाळीत बसलों असतां सौ. समोर येऊन बसली आणि म्हणाली, "अहो, ती वही जरा इकडे द्या पाहूं." इतक्या वर्षांत तिनें वही हातीं घेतल्याचें मला स्मरत नाहीं. मी वाचून दाखवीत असें आणि ती तांदूळ निवडतां निवडतां 'हूं' म्हणत असे. आज तिनें चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचावयास आरंभ केला. अर्ध्या तासानें तिनें विचारलें, "यांत माझे गुडघे कोठें आहेत?"

मीं म्हटलें, "म्हणजे?"

"पुलन्याहून घांघरियापर्यंत पांच तास चालणें, असें लिहिलें आहे. हें कोणाच्या पायांचें गणित? मला आपल्या घरचे दोन जिने उतरतांना कठडा धरावा लागतो."

मीं तिला सांगितलें कीं, घांघरियापर्यंत तट्टू मिळतें. दरींत तट्टू नेतां येत नाहीं. पण तेथें कंडी म्हणून एक टोपलीवजा बैठक असते, तींत माणसाला बसवून हमाल पाठीवरून नेतात. ती म्हणाली, "तट्टूवर बसेन. दुसऱ्याच्या पाठीवर बसून मात्र मला फुलें पाहावयाचीं नाहींत."

"मग तुला दरी पाहतां येणार नाहीं."

"कां बरें? चालवेल तेवढें चालेन, आणि थकेन तेथें बसेन. फुलें कांहीं दरीच्या शेवटच्या टोकालाच उगवत नसतील."

यावर मला उत्तर सुचलें नाहीं. ती फुलांच्या नांवनिशीवरून बोट फिरवीत होती. एका लॅटिन नांवापाशीं ती थांबली आणि हें कसलें फूल म्हणून तिनें विचारलें. मीं सांगितलें कीं, हा तेरड्याचाच एक पहाडी भाऊबंद. तिचा चेहरा एकदम उजळला. "तेरडा? म्हणजे गौरीचा? एवढा लांबचा हिमालय आणि तेथें आपला तेरडाच कीं!" मग जरा थांबून ती म्हणाली, "तेरड्याचा रंग तीन दिवस. तुम्हीं मात्र बेत करण्यांत वीस वर्षें घालविलींत. निवृत्तीनंतर जाऊं म्हणाल, तर त्या वेळीं हे गुडघे तट्टूवरही चढणार नाहींत."

ती उठून आंत गेली. मी बराच वेळ वहीपुढें बसून राहिलों. तिच्यांत घांघरियाच्या तीन रात्री होत्या, पावसासाठीं राखून ठेवलेला दिवस होता, बंद रस्त्याला पर्यायी मुक्काम होता. निसर्गाच्या सर्व लहरींसाठीं मीं जागा ठेवली होती. बरोबर येणाऱ्या माणसासाठीं ठेवली नव्हती. माझ्या वहींतली सौ. २००५ सालचीच होती. तिचें वय मीं वाढूं दिलें नव्हतें, आणि माझेंही.

दुसऱ्या दिवशीं ऑगस्टांतल्या बारा दिवसांच्या रजेचा अर्ज केला. प्राचार्यांनीं तो दोनदां वाचला आणि ऐन सत्रांत कशाला, असें विचारलें. मीं म्हटलें, "फुलें ऐन सत्रांतच येतात." ते हंसले आणि त्यांनीं सही केली. तिकिटें निघालीं आहेत. दरड कोसळेल, रस्ता बंद होईल, दोन्ही दिवस धुकें पडेल. यांपैकीं कांहींही होऊं शकतें. जोशीमठांत २०२३ च्या आरंभीं घरांना तडे गेले, तेव्हांपासून तेथल्या मुक्कामाचें पानही मीं बदललें आहे. घांघरियानंतरच्या पानावर पूर्वीं 'सकाळीं ७ ते दुपारीं ३' अशी सत्तावीस ओळींची यादी होती. ती मीं खोडली आणि तेथें एवढेंच लिहिलें: 'चालवेल तेवढें.'

परवां आमच्या विभागांतले एक तरुण प्राध्यापक वही मागावयास आले. त्यांनाही ऑगस्टांतच जावयाचें आहे. इतक्या वर्षांत मीं कोणाला नकार दिला नव्हता. पण या वेळीं मला सांगावें लागलें, "क्षमा करा, यंदा ती द्यावयास जमणार नाहीं. आम्हांला लागणार आहे."