काय दुखस, माय?

आम्ही भावंडं जमलो की कधीतरी बाटलीचा विषय निघतोच. धुळ्याच्या घरातले आम्ही पाच आणि जळगावची मामेभावंडं चार, आता बहुतेक सगळेच साठी ओलांडलेले. बाटली म्हणजे औषधाची. ती घरूनच राखेने घासून, धुऊन न्यायची. कंपाउंडर तीत लाल मिक्श्चर ओतायचा आणि कागदाची एक उभी पट्टी कडेने कात्रीने दातेरी कापून खळीने बाटलीवर चिकटवायचा. एक दाता, एक डोस. मोठी माय, म्हणजे आमची आजी, हिला अक्षरओळख नव्हती. पण बाटली उजेडात धरून, दात्यावर अंगठ्याचं नख टेकवून ती औषध असं ओतायची की थेंबाचाही फरक पडत नसे. आज गोळ्यांच्या पाकिटावरची बारीक इंग्रजी अक्षरं चष्मा लावून वाचताना मला ती पट्टी हमखास आठवते. घेणाऱ्याला काय कळेल याचा विचार कुणीतरी आधी करून ठेवलेला होता.

दवाखाना धुळ्यात होता. ब्रिग्ज साहेबाने एकोणिसाव्या शतकात आखून दिलेल्या, आजही नंबरांनीच ओळखल्या जाणाऱ्या सरळ गल्ल्यांपैकी एकीत. बाहेर दोन बाकं, आत लाकडी पार्टिशन, पलीकडे स्टोव्हवर पाण्यात उकळणाऱ्या सुया आणि काचेच्या सिरिंजा. टेबलावर व्यापाऱ्याच्या खतावणीसारखी लाल कापडी बांधणीची वही असायची. तिच्यात एका माणसाचं पान नसे, एका घराचं असे. आमच्या पानावर आबांचा दमा, काकूची बाळंतपणं, माझा गोवर, थोरल्याचा हिवताप असं सगळं एकाखाली एक. मला खोकला झाला की डॉक्टरांचं बोट वर वर जात आबांच्या ओळीवर थांबायचं. मग विचारायचे, "रात्री वाढतो का रे?"

मोठी माय एकदा छातीत धडधडतं म्हणून गेली. मी सोबत होतो, आठ-नऊ वर्षांचा असेन. डॉक्टर मूळचे देशावरचे, पण इतक्या वर्षांत त्यांना अहिराणी चांगली येत होती. त्यांनी विचारलं, "काय दुखस, माय?"

"काही दुखत नही भाऊ, जीव घाबरस."

आणि मग तिने सुरुवात केली ती शिरपूरच्या एका लग्नापासून. तिथलं जेवण, येताना एस्टीत मिळालेली मागची सीट, घरी आल्यावर फुटलेला माठ. बाहेर बाकं भरलेली. मला लाज वाटत होती. डॉक्टर स्टेथोस्कोप हातात धरून नुसते ऐकत होते. बऱ्याच वेळाने ती सुरतेवर आली. धाकटा काका सुरतेला मागावर कामाला गेला होता. खानदेशातली पोरं तेव्हाही पोटासाठी सुरतेलाच जायची. दोन महिने त्याचं पत्र नव्हतं. एवढं बोलली आणि पदर तोंडाला लावून गप्प झाली.

डॉक्टरांनी तिची छाती तपासली, नाडी पाहिली, डोळ्याची पापणी ओढून रक्त कमी आहे का ते बघितलं. तपासण्यात काही कसर ठेवली नाही. मग ड्रॉवरमधून पोस्टकार्ड काढलं, तिच्याकडून पत्ता विचारून घेतला आणि तिथेच चार ओळी लिहिल्या. बाटली मिळालीच. तिची धडधड लगेच थांबली असं नाही, पण काकाचं उत्तर आल्यावर ती रात्रीची झोपू लागली.

पुढे मोठा झाल्यावर वाचलं की 1984 साली अमेरिकेत डॉक्टर आणि पेशंट यांचं बोलणं टेप करून पाहिलं होतं. पेशंट बोलायला लागल्यापासून सरासरी 18 सेकंदांत डॉक्टर त्याला मध्येच तोडत होते. अठरा सेकंदांत मोठी माय शिरपूरच्या मांडवातूनही बाहेर पडली नसती.

जळगावला मामांच्या घरी असेच दुसरे डॉक्टर होते, सायकलवरून येणारे. आजूबाजूच्या खेड्यांतले शेतकरी त्यांचे पैसे कापूस विकला गेल्यावर द्यायचे. घरात येताना ते आधी स्वयंपाकघरात डोकावत, चुलीचा धूर किती आहे, पाणी कुठल्या हंड्यात भरलंय ते बघत. त्या काळी डॉक्टर हा गावाच्या सुखदुःखातला माणूस असायचा. जळगावचे डॉ. अविनाश आचार्य तर दवाखान्याबाहेर पडून जनता बँक आणि केशवस्मृती प्रतिष्ठान उभं करण्यात शिरले, हे जळगावकरांना सांगायला नको.

पण आम्ही भावंडं फक्त पोस्टकार्डाची गोष्ट सांगून थांबलो तर ते खोटं होईल. मोठी माय शेवटी गर्भाशयाच्या कॅन्सरने गेली. तो कळला तेव्हा एका दवाखान्यात आबांना आणि काकांना बाहेर व्हरांड्यात बोलावून सांगण्यात आलं. ती आत खाटेवर बसलेली. तिला कुणी सांगितलं नाही, तिची इच्छा विचारली नाही, आणि आम्ही सगळे मिळून तिच्याशी शेवटचे पाच महिने "अंगावर जातंय, बरं होईल" असं बोलत राहिलो. माझ्या मोठ्या बहिणीला वाटतं की तिला सगळं कळलं होतं. कारण एक दिवस तिने पाटल्या काढून दोघी सुनांना वाटून दिल्या आणि कारण सांगितलं नाही. बायकांच्या दुखण्याचं बोलणं पुरुषांशी व्हायचं. "डॉक्टर म्हणतील ते" या वाक्यात विश्वास होता तसाच मुकेपणाही होता. तो मुकेपणा परत यावा असं आमच्यातल्या एकालाही वाटत नाही.

तेव्हापासून खूप बदललं. धुळ्यात भाऊसाहेब हिरे वैद्यकीय महाविद्यालय झालं, जळगावात 2018 पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे. ज्या तपासणीसाठी पूर्वी मुंबई गाठावी लागे ती आता रिंगरोडवर होते. 1995 मध्ये सुप्रीम कोर्टाने डॉक्टरी सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. 2002 च्या नियमांनुसार पेशंटने आपले कागद मागितले की 72 तासांत द्यावे लागतात. 2021 पासून महाराष्ट्रात खासगी हॉस्पिटलांनी रुग्ण हक्क सनद दर्शनी भागात लावायची आहे. माहिती मिळण्याचा, दुसऱ्या डॉक्टरचं मत घेण्याचा हक्क आता भिंतीवर लिहिलेला असतो. मोठ्या मायच्या वेळी यातलं काही नव्हतं.

एवढं सगळं असताना आमच्या आईचं काय झालं ते सांगतो. आईला मधुमेह. एका मोठ्या हॉस्पिटलात दर तीन महिन्यांनी जायचो आणि दर वेळी वेगळे डॉक्टर असायचे. नजर कॉम्प्युटरवर, दोन मिनिटांत चिठ्ठी. आहाराचा छापील कागद मिळाला त्यात ओट्स होते. आई जन्मभर दादर ज्वारीची नाहीतर कळण्याची भाकरी खात आलेली, तिचा त्यात उल्लेखही नव्हता. एका श्रावणात ती दोनदा चक्कर येऊन पडली. डोक्याचा एमआरआय झाला, मानेचे फोटो झाले, बिल भरलं. कशातच काही निघालं नाही.

शेवटी भाचीने तिला धुळ्याच्या देवपुरातल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी सगळ्या गोळ्या टेबलावर मांडल्या, खुर्ची आईच्या बाजूला ओढून घेतली आणि म्हणाल्या, "काकू, मी सांगायचं नाही. तुम्हीच मला सांगा, कोणती गोळी कधी घेता?" आई सांगू लागली. सकाळी ही, जेवणाआधी ही. बाई म्हणाल्या, "आणि सोमवारी?"

आई बावचळली. श्रावणातले सोमवार ती आयुष्यभर करत आली आहे. दिवसभर चहा आणि मूठभर शेंगदाणे, संध्याकाळी उपास सोडायचा. आणि डॉक्टरांनी गोळी चुकवायची नाही असं बजावलेलं, म्हणून साखरेची गोळी उपाशीपोटीही न चुकता घ्यायची. पोटात अन्न नाही आणि गोळी साखर खाली ओढतेय. दोन्ही वेळा ती पडली तो वार सोमवारच होता. घरात आम्ही शिकलेले इतके जण, आमच्याही लक्षात आलं नव्हतं.

बाईंनी उपास सोडा असं म्हटलं नाही. सोमवारची गोळी बदलून दिली, दुपारी दूध आणि राजगिरा घ्यायला लावला. चिठ्ठीवर गोळीपुढे सूर्य आणि चंद्र काढले. मग आईकडून सगळं परत म्हणवून घेतलं. सतरा-अठरा मिनिटं लागली. आई बाहेर आली आणि म्हणाली, "ही पोरगी त्या जुन्या डॉक्टरांसारखी आहे." मला तो कागद पाहताना बाटलीवरची पट्टी दिसली.

नॉर्वेमध्ये सुमारे 45 लाख लोकांच्या नोंदी तपासून 2022 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पंधरा वर्षांहून अधिक काळ एकच फॅमिली डॉक्टर असलेल्यांमध्ये, वर्षभराचीच ओळख असलेल्यांच्या तुलनेत, तातडीने अ‍ॅडमिट होण्याचं आणि मृत्यूचंही प्रमाण जवळपास चौथाईने कमी आढळलं. घराचं एक पान ठेवणारी ती लाल वही किती मोलाची होती हे यावरून कळावं. आज तेच पान कॉम्प्युटरवर ठेवणं अवघड नाही. त्यात "कोणते उपास करता" हा एक रकाना असावा, खानदेशातल्या दवाखान्यांत तर असावाच. आणि औषधाचं परत म्हणवून घ्यायला दोन मिनिटं लागतात. डॉक्टरांना गर्दीमुळे वेळ नसेल तर नर्सने किंवा काउंटरवरच्या माणसाने ते करावं, पण पेशंटच्या बोलीत करावं.

आणि आपण घरच्यांनीही. श्रावण आला की सोमवारचे उपास सुरू होतात.  तुमच्या घरात साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणारं कुणी उपास करत असेल, तर पहिल्या सोमवारच्या आधी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा. सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून न्या, आणि उपासाला काय खातात ते त्यांनाच, त्यांच्या तोंडाने, सांगू द्या.