चांद्याची हद्द

कुडाळ तालुक्यातल्या त्या वाडीत घराभोवती कंपाउंड नाही, गडगा आहे. चिऱ्याचे तुकडे आणि कातळाचे धोंडे मातीचुन्याशिवाय एकावर एक रचून केलेला, कमरेएवढा. दर पावसाळ्यात तो कुठे ना कुठे ढासळतो आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा रचला जातो. शेजारच्या म्हशीला अडवायला तो पुरतो. कुत्र्याला मात्र तो उडी मारून जायला सोपा, आणि जिथे ढासळलाय तिथे तर उडीचीही गरज नाही.

घरापुढचा रस्ता चिरेखाणीकडे जातो. सकाळपासून डंपर सुरू होतात ते दिवस मावळेपर्यंत. डाव्या हाताला शेजाऱ्यांचा खुराडा, मागे काजूची बाग आणि तिच्यापलीकडे रान. या घरात एक गावठी पिल्लू आलं. तांबूस अंगाचं, कपाळावर पांढरा चांद. त्यावरूनच त्याचं नाव पडलं, चांद्या.

घरातले अण्णा एसटीत ड्रायव्हर होते. सारी नोकरी घाटात आणि महामार्गावर गेली. रस्त्याकडेला मरून पडलेली कुत्री त्यांनी इतकी पाहिली होती, की चांद्याला रस्ता दिसायच्या आधी हद्द कळली पाहिजे, हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात ठरवलं. साखळीने बांधून ठेवणं हा सगळ्यांना सुचणारा उपाय त्यांना मान्य नव्हता. ते म्हणायचे, "बांधलेलो कुत्रो नुसतो भुकता, राखण करणा नाय." कायदाही त्यांच्याच बाजूने बोलतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमातल्या अकराव्या कलमानुसार, जनावराला अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ जखडून ठेवणं हा गुन्हा आहे. आणि कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवायलाच न नेणं हाही.

अमेरिकेतल्या पुतण्याने फोनवरून वेगळाच मार्ग सुचवला. तिकडे अंगणाच्या कडेने जमिनीत तार पुरतात आणि कुत्र्याच्या गळ्यात यंत्र बसवलेला पट्टा असतो. तारेजवळ गेलं की आधी आवाज होतो आणि तरी पुढे गेलं तर विजेचा झटका बसतो. रिचर्ड पेक या माणसाने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ही युक्ती काढली आणि तिथे ती घरोघरी पसरली. वेल्सने मात्र झटका देणाऱ्या पट्ट्यांवर २०१० मध्ये बंदी आणली. अण्णांची हरकत सरळ होती. हा झटका आपल्या कुत्र्याला बसणार, बाहेरून आत येणाऱ्याला नाही. शिवाय ससा दिसला की कुत्रा त्या भरात झटका सोसून पार निघून जातो. मग परत येताना ससा पुढे नसतो आणि झटका मात्र पुढ्यातच असतो. तेव्हा तो घराकडे यायलाच कचरतो.

राहिला तो मार्ग कष्टाचा होता. अण्णांनी तोच घेतला.

गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावर रेबीजची लस टोचली आणि खुणा कशा लावायच्या तेही सांगितलं. अण्णांच्या मनात लाल फडकी होती. डॉक्टर म्हणाले, लाल माणसाला लांबून दिसतं, कुत्र्याला नाही. माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या, कुत्र्याच्या डोळ्यात दोनच. निळा आणि पिवळा त्याला छान कळतो. लाल आणि हिरवा त्याला सारखेच मळकट दिसतात. तांबड्या चिऱ्यावर लाल फडकं त्याच्या लेखी नसल्यासारखंच. घरातल्या माईंनी मग जुन्या निळ्या चादरीच्या पट्ट्या फाडल्या. बांबूच्या कामट्यांना त्या बांधून अण्णांनी गडग्याच्या आतल्या अंगाला, चार पावलं अलीकडे, ओळीने रोवल्या. ती चार पावलं मुद्दाम सोडली होती. धावत आलेल्या कुत्र्याला थांबायला जागा लागते.

मग फेरी सुरू झाली. सकाळी दूध आल्यावर एक आणि संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी एक. चांद्याच्या गळ्यात हलका पट्टा, त्याला सुती दोरी, अण्णांच्या खिशात भाकरीचे तुकडे. बेड्यापासून, म्हणजे गडग्यातल्या फाटकापासून निघायचं, खळ्याच्या कडेने मांगराकडे, तिथून विहीर, फणस आणि पुन्हा बेडं. चांद्याचं नाक निळ्या फडक्यापाशी गेलं की अण्णा म्हणत, "फाटी!", म्हणजे मागे, आणि स्वतःच आत वळत. दोरीला हिसका नाही, आवाज चढवणं नाही. कुत्रा वळून दोन पावलं आत आला की त्याच क्षणी तुकडा तोंडात. तो क्षण फार महत्त्वाचा. पाच-सहा सेकंदांनी दिलेला तुकडा कशाबद्दल मिळाला हे कुत्र्याला उमगत नाही. तितक्यात त्याने वाकून गवत हुंगलेलं असतं आणि खाऊ त्या हुंगण्याचा होऊन जातो. दुसरा नियम असा, की तुकडा नेहमी हद्दीच्या आतच द्यायचा. फडक्याच्या पलीकडे त्याला कधी काही मिळालं नाही, रागावणंसुद्धा नाही. पलीकडची बाजू ही काहीच न घडणारी जागा, इतकंच त्याच्या मनात उतरायला हवं होतं.

पुढच्या टप्प्यावर दोरी लांब झाली, मग नुसती जमिनीवर घासत राहिली. नातू पलीकडून चेंडू टाके, शेजारची पोरं हाका मारत, एकदा तर कुणीतरी रस्त्यावर सुकटीची पाटी घेऊन उभं राहिलं. अशा मोहाच्या वेळी भाकरीऐवजी उकडलेल्या अंड्याचा तुकडा. मोह जेवढा मोठा, तेवढं बक्षीसही मोठं.

खरी परीक्षा घेतली ती शेजारच्या कोंबडीने. पिल्लं घेऊन ती गडग्याच्या ढासळलेल्या भागातून आत आली, चांद्याला पाहताच फडफडत परत फिरली आणि पिल्लं चहूकडे पांगली. चांद्या बाणासारखा सुटला. अण्णा विहिरीवर होते, दोरी कुणाच्याच हातात नव्हती. निळ्या फडक्यांपाशी पोचताच त्याने पुढचे दोन्ही पाय रोवले. नखांनी मातीत चर पडले. मागचा भाग वेगाने पुढे आला आणि तो जवळजवळ बसलाच. सगळं अंग थरथरत होतं, घशातून बारीक आवाज निघत होता, नजर कोंबडीवर खिळलेली. पण पाय फडक्याच्या आत. मग त्याने मान मागे वळवून विहिरीकडे पाहिलं. अण्णांनी हातातली कळशी खाली ठेवली, त्याच्याजवळ जाऊन त्याला दोन्ही हातांनी कुरवाळलं आणि थेट स्वयंपाकघरात नेऊन अख्खं अंडं दिलं.

कुत्र्याच्या मनातली रेघ किती पक्की असते, याचा एक सुंदर दाखला कोनराड लोरेन्झ यांनी लिहून ठेवला आहे. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासासाठी १९७३ चं नोबेल मिळालेले हे ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ आयुष्यभर कुत्र्यांत रमले. त्यांच्या बुली नावाच्या कुत्र्याचं एका शेजारच्या पांढऱ्या स्पिट्झशी वैर होतं. रोज दोघं लाकडी कुंपणाच्या दोन बाजूंनी भुंकत, दात विचकत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावायची. एकदा दुरुस्तीसाठी कुंपणाचा काही भाग काढला होता. नेहमीसारखी धावत आलेली दोघं अचानक समोरासमोर आली. मध्ये काहीच नाही. दोघं जागच्या जागी थिजली, मग एकदम वळून शाबूत कुंपणापर्यंत पळत गेली, आणि तिथे पुन्हा तेच भुंकणं जोरात सुरू. अण्णांनी लोरेन्झ वाचलेले नव्हते, पण पावसाळ्यात गडगा ढासळल्यावरही चांद्या त्या खिंडाराशी थांबतो, हे पाहून ते निर्धास्त झाले. फडकी त्यांनी मग एकेक करून काढली, एक आड एक, शेवटची बेड्याजवळची.

बाहेर जायची वाट एकच ठेवली होती, बेडं. बांबूचे आडवे दांडे सरकवून अण्णा म्हणत, "चल", तेव्हाच पट्टा लावून बाहेर. त्याशिवाय दांडे उघडे राहिले तरी चांद्या आतच बसे. पोस्टमन आला, गॅसवाला आला, तर बेड्याच्या आत उभा राहून तो भुंकून वर्दी देई. गणपतीला आलेले चाकरमानी हे पाहून थक्क होत.

पण गणपतीतच या शिकवणीची मर्यादाही दिसायची. फटाके वाजले की भेदरलेल्या कुत्र्याला ना हद्द दिसते ना हाक ऐकू येते. समोर जी वाट दिसेल तिने ते पळतं. म्हणून आगमनाच्या आणि विसर्जनाच्या दिवशी माई त्याला माजघरात घेत, दार लावून घेत आणि स्वतः जवळ बसत.

दुसरी मर्यादा भाद्रपदाची. ऐन तारुण्यातल्या पहिल्याच भाद्रपदात चांद्या एका रात्री गेला. गडगा, शिकवण, भाकरी, सगळं मागे टाकून गेला. वाडीत कुठेतरी कुत्री माजावर आली होती, आणि तो वास नराला फार लांबून कळतो. परत आला तो उजवा कान फाटलेला, पाय लंगडत, चिखलाने माखलेला, आणि बेड्याबाहेर अंग चोरून उभा राहिला. घरातल्या मुलाने काठी उचलली होती. अण्णांनी ती काढून घेतली. परत आलेल्याला मारलं तर मार परत येण्याचा बसतो, पळून जाण्याचा नाही. पुढच्या वेळी कुत्रं यायचंच टाळतं. त्यांनी दांडे सरकवले, "चल" म्हटलं, आत घेतलं, जखम धुतली. अनोळखी कुत्र्याचा चावा म्हणून डॉक्टरांनी रेबीजची लस पुन्हा दिली. जखम भरल्यावर त्याची नसबंदी केली. त्यानंतरचे सगळे भाद्रपद त्याने खळ्यात काढले.

तिसरा धोका बिबट्याचा, आणि त्याच्यापुढे कुत्र्याची कुठलीच शिकवण कामाची नाही. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले परिसरातल्या बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा वजनाच्या हिशेबाने त्यांच्या आहारात ३९ टक्के वाटा पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचा निघाला. शेळ्यांपेक्षा कितीतरी जास्त. कोकणात वेगळं चित्र असेल असं समजून अंधारात कुत्रं मोकळं ठेवण्यात अर्थ नाही. दिवे लागले की चांद्या पडवीत यायचा आणि जाळीचं दार बंद व्हायचं. दिवसाची हद्द गडग्यापर्यंत, रात्रीची पडवीपर्यंत. दोन्ही त्याला ठाऊक होत्या. काळोख पडताच तो आपणहून पायरी चढे.

वय झालं तसे त्याचे डोळे पांढुरके झाले. मोतीबिंदू. तरीही तो हद्दीवर अचूक थांबायचा, आणि कसा ते अण्णांनी नीट पाहून ठेवलं होतं. खळं शेणाने सारवलेलं, गुळगुळीत, त्याच्या कडेला दगडगोट्यांची खरखरीत पट्टी, मग गवत. पायाला खरखर लागली की तो नाक खाली घेई, दोनदा हुंगे आणि वळे. फिरायची वाटही तीच, मांगर, विहीर, फणस, इतक्या वर्षांची.

त्याच सुमारास मुंबईहून परतलेल्या मुलाने खळ्यात पेव्हर ब्लॉक बसवायचं काढलं. गाडी आत यायला हवी होती, पावसात चिखल होत होता. अण्णांनी आधी नकार दिला, मग तोडगा काढला: बेड्यापासून ओटीपर्यंत गाडीपुरती पट्टी करा, बाकीचं खळं राहू दे. काम झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी चांद्या फेरीला निघाला आणि ब्लॉकच्या कडेशी येऊन थांबला. पायाखाली कठीण, गार, अनोळखी काहीतरी. त्याच्या हिशेबाने ही नवी हद्द. त्या पट्टीपलीकडे बेडं होतं, विहीर होती, अर्धं अंगण होतं. पण तो पाय टाकेना. मुलाने हाका मारल्या, ताटली दाखवली. चांद्या कडेशी बसून राहिला.

अण्णांना गुडघ्यांमुळे आता वाकवत नव्हतं. त्यांनी खुंटीवरची जुनी दोरी मुलाच्या हातात दिली आणि माईंना अंडं उकडायला सांगितलं. मुलाने वाकून चांद्याच्या पट्ट्यात दोरी अडकवली, एक पाऊल ब्लॉकवर टाकलं आणि म्हणाला, "चल." चांद्याने खालचा दगड हुंगला, पुढचा एक पाय उचलून ठेवला. तुकडा तोंडात पडला. मग दुसरा पाय. पट्टी ओलांडायला दोघांना अख्खी सकाळ लागली. संध्याकाळच्या फेरीत तो ब्लॉकवरून चालत सरळ विहिरीपाशी गेला, आणि अण्णा ओटीवरून मुलाला सांगत राहिले: "दोरी ओढू नको. फणसाकडे गेल्यावर 'फाटी' म्हण. तुकडा आत आल्यावर दे."